पुन्हा मॅडमचे तीन आठवडे

रविवार, २० जुलै

प्रिय ताईस धाकट्याचा नमस्कार,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण सत्र सुरू व्हायच्या आधीचे तीन आठवडे आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. इकडे सगळे बरे आहोत. हिच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, पण ती मान्य करत नाही आणि सुईत दोरा ओवायला मला हाक मारते. भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणावं. ऐकणार नाहीत, तरी म्हणावं.

भाचीला प्रवेश मिळाला हे वाचून फार बरं वाटलं. पहिल्या सत्रासाठी तिची काय तयारी करून घ्यायची, असं तू विचारलंयस. "तू सव्वीस वर्षं कॉलेजात काढलीस, तुला ठाऊक असणार." ताई, मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला मदतनीस. बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, बर्नर साफ करणं, डगमगणारी स्टुलं ठोकणं, एवढं माझं काम. पण मुलांची तयारी कशी करून घेतात ते मात्र मी दरवर्षी डोळ्यांनी पाहतो. म्हणून आमच्या मॅडमबद्दलच लिहितो.

मॅडम आमच्या विभागात अकरा वर्षं आहेत. बुटक्या, आवाज खणखणीत, पायात कायम रबरी तळव्यांचे बूट. मुलं त्यांना 'पुन्हा मॅडम' म्हणतात. त्यांनाही ते माहीत आहे. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, अशा साठ मुलांना त्या सत्राआधी तीन आठवडे बोलावून घेतात. सुट्टी स्वतःची, हौस स्वतःची.

पहिल्या दिवशी त्या फळ्यापाशी उभ्या राहून दहा मिनिटं झरझर शिकवतात. साठही माना हलतात, वह्या भरतात. मग विचारतात, "कुणाकुणाला समजलं?" सगळे हात वर. मॅडम खडू खाली ठेवून म्हणतात, "कमाल आहे. मधली चार वाक्यं मी मनाला येईल ते बोलले. त्यांना काही अर्थच नव्हता. मला नाही समजली, तुम्हाला कशी समजली?" वर्गात हळूच कुठेतरी हसू फुटतं. त्यानंतर एकेकाने उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "समजलं नाही, पुन्हा सांगा." काहींच्या तोंडून ते निघता निघत नाही. मॅडम खिडकीपाशी जाऊन उभ्या राहतात. "मला इथवर ऐकू आलं पाहिजे." माझं टेबल शेजारच्या खोलीत, तरी मला साठ वेळा ऐकू येतं.

पुढे असंच एकेक. वेळापत्रक हातात घेऊन प्रत्येक खोली स्वतः शोधून यायची, म्हणजे पहिल्याच सोमवारी चुकीच्या वर्गात तास काढावा लागत नाही. कार्यालयात जाऊन एक फॉर्म आणायचा. आमचे हेडक्लार्क या कटात सामील आहेत. ते वर न बघता "उद्या या" म्हणतात. त्यावर "कुठल्या वेळी येऊ आणि कुणाला भेटू?" असं विचारणाऱ्यालाच फॉर्म मिळतो. हेडक्लार्कना हे काम इतकं आवडतं की ते त्या दिवशी दाढी करून येतात. एरवी करत नाहीत.

आणि एक गोष्ट माझ्या वाट्याची. वर्षभर तडा गेलेल्या परीक्षानळ्या मी टाकून न देता जपून ठेवतो. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने डोळ्यांवर चष्मा लावून एक नळी लाकडी पेटीत आपटून फोडायची, आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन सांगायचं, "काका, माझ्या हातून फुटली." मी वहीत लिहितो, नवी नळी देतो, संपलं. मी पहिल्या वर्षी मॅडमना विचारलं होतं, हे कशाला? त्या म्हणाल्या, "फुटणार तर आहेच. फुटलेलं कुणी खिशात लपवून हात कापून घेऊ नये, एवढंच."

तर भाचीसाठी एवढं पुरे. तिला म्हणावं, समजलं नाही तर त्याच तासाला विचार, मैत्रीण कर, पुढच्या तीन बाकांत बस.

ताई, वरचं सगळं तिला खुशाल दाखव. इथून पुढचं आधी तू एकटीने वाच.

यंदा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी आली होती. उंच, केस घट्ट बांधलेले, कायम शेवटच्या बाकावर. "समजलं नाही" म्हणायची पाळी आली तेव्हा तिने नुसते ओठ हलवले. मॅडमनी "उद्या" म्हणून तिला बसवलं. दहाव्या दिवशी दुपारी ती पांढरा कोट घडी करून माझ्याकडे घेऊन आली. पाठीवर बॅग होती.

"काका, कोट परत घ्या. मी घरी जातेय."

"का गं?"

"बरं वाटत नाही. छातीत दुखतंय."

माझ्या हातातली बाटली मी खाली ठेवली. "कुठे दुखतंय?"

तिने उजवीकडे हात ठेवला.

"मी डावीकडे दाखवायचो," मी म्हणालो.

कसं तोंडातून गेलं मला ठाऊक नाही. तीस वर्षांत हे मी कुणाला बोललो नव्हतो, हिलासुद्धा नाही. मुलगी स्टुलावर बसली. तिला जे सांगितलं तेच आता तुला सांगतो. खरं तर उलट व्हायला हवं होतं, आधी तुला.

ताई, मी कॉलेज सोडून घरी आलो तेव्हा आजारी नव्हतो.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी मला उभं करून एक साधा प्रश्न विचारला. प्रश्नच समजला नाही. मी तसाच उभा. कुणीतरी काहीतरी बोललं, वर्ग हसला. सरही हसले, वाईट मनाने नव्हे. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात गेलो नाही. रोज सकाळी खोलीतून निघायचो आणि बस स्टँडवर जाऊन बसायचो. दोन महिने. मग पुरे झालं आणि छाती धरून घरी आलो.

आई नव्हती, बाबांच्या पाळ्या. तुझं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. तू 'आठ दिवसांसाठी' आलीस. भिंतीवर कागद लावून त्यावर माझा ताप लिहायचीस. तू स्वयंपाकघरात गेलीस की मी थर्मामीटर गरम पाण्याच्या पिशवीला टेकवायचो. एकशे एकच्या वर जाऊ द्यायचो नाही, म्हणजे तू घाबरणार नाहीस. बघ, तेवढी काळजी घ्यायचो. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे. तू त्यांच्याशी भांडलीस. म्हणालीस, माझा भाऊ खोटं कशाला सांगेल?

आठ दिवसांचे चार महिने झाले. मेट्रनची दोन पत्रं आली. दुसरं मी वाचलं होतं. त्यात परत येण्याची शेवटची तारीख होती. तारीख उलटून पाच दिवस झाल्यावर माझा ताप उतरला. हे मी मुद्दाम केलं नाही असं आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे की नाही हे आता मलाही कळत नाही. आधी उतरवला असता तर परत कॉलेजात जावं लागलं असतं, एवढं मात्र मला कळत होतं.

मग तू त्या दवाखान्यात केसपेपर लिहायला लागलीस. सत्तावीस वर्षं. तुझे डॉक्टर मला एकदा म्हणाले होते, रांगेतला खरा आजारी कोण हे तुमची बहीण खुर्चीत बसल्या बसल्या ओळखते, मी तिच्या क्रमाने पेशंट आत घेतो. मी मान खाली घालून ऐकलं. सगळ्या गावाची दुखणी तू ओळखलीस, आणि घरातल्यावर मात्र विश्वास ठेवलास.

त्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या ताईंना सांगितलंत?" मी नाही म्हणालो. तिने कोट परत उचलला आणि उठून सरळ मॅडमच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"मॅडम, मला काही समजत नाही."

"कुठपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"बरं. मग पहिल्या दिवसापासून." आणि खुर्ची ओढल्याचा आवाज.

ना समजावणं, ना पाठीवर हात. रोज चार वाजता दोघी बसायच्या. एकदा मॅडमचा स्वतःचा ताळा चुकला, तर पोरीने तो दाखवला. मॅडम इतक्या खूश झाल्या की मला बोलावून ती चूक दाखवली.

गेल्या सोमवारी सत्र सुरू झालं. पहिलाच तास नव्या सरांचा, बोलण्याचा वेग विचारू नकोस. मी शेजारच्या खोलीत रॅक लावत होतो. पंधराव्या मिनिटाला तिचा आवाज आला, थोडा कापरा, पण भिंतीपलीकडे पोचणारा. "सर, समजलं नाही. पुन्हा सांगाल?" मग दुसरा एक आवाज, मग तिसरा. सरांनी पुन्हा सांगितलं. कुणी हसलं नाही.

अठरा वर्षांच्या मुलीला जे जमलं, ते मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कागदावर जमवावं लागतंय. मॅडमचं कौतुक मी विभागात सगळ्यांपुढे करतो. तुझं कधी केलं नाही, कारण ते करायला तोंड उघडलं असतं तर हेही बाहेर आलं असतं. तू उत्तम नर्स झाली असतीस. चार महिने एका ठणठणीत माणसाची तू जी सेवा केलीस, तशी खऱ्या आजाऱ्यांच्याही नशिबी नसते.

माफी मागायला मी कागद वापरणार नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर मी भाचीला घेऊन बाहेरच्या खोलीत बसेन, तिचं वेळापत्रक बघेन आणि संध्याकाळच्या गाडीने परतेन. बोलायचं असेल, रागवायचं असेल, तर दिवसभर आहे. मध्ये एक शब्द बोलणार नाही.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
तेव्हा आजारी नसलेला,
धाकटा