श्री. वॉलिस यांच्या खिडकीसमोर फलक उभारण्याबाबत

प्रति,
मा. उद्यान व किनारा अधिकारी,
विंडरी बे नगरपरिषद, न्यू साउथ वेल्स.

विषय: विष घालून मारलेल्या वडाच्या जागी समुद्राचे दृश्य अडवणारा फलक उभारण्याबाबत.
संदर्भ: माझे यापूर्वीचे अर्ज, ज्यांची पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

मी, ग्लेनिस हार्टिगन, शाळा सुटल्यावर गावातल्या मुलांना समुद्रात पोहायला शिकवते. पाण्यात उतरण्याआधी मुले त्या वडाखाली बसून एकमेकांच्या पाठीला उन्हापासून वाचवणारे मलम चोळत. टोपी विसरलेल्याने सावलीबाहेर पाय टाकायचा नाही, हा आमचा नियम. आता नियम उरला आहे, सावली नाही. गेल्या आठवड्यात माझ्या नातीच्या, मेवच्या, खांद्यांवर टरारून फोड आले. ऊन काय करते ते मला कोणी शिकवू नये. तरुणपणी आम्ही अंगाला तेल चोपडून वाळूत भाजत पडायचो; त्यापायी त्वचेचा कर्करोग झाला व डॉक्टरांनी माझे अर्धे नाक कापून काढले.

बुंध्याला भोके पाडून विष कोणी ओतले याचा पुरावा नाही, असे आपले म्हणणे. असेल. परंतु पाने गळाली त्याच आठवड्यात वडामागच्या घरातील श्री. ट्रेंट वॉलिस यांनी गच्चीवर मेजवानी दिली व मला वरून हाक मारून म्हणाले, "काय आजीबाई, आता थेट न्यूझीलंड दिसतंय! उन्हाचा एवढा त्रास होतो तर छत्री घ्या की एखादी!" पाहुणे हसले. मला संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

झाड मारणाऱ्याला समुद्र दिसू नये म्हणून त्याच जागी फलक लावण्याची आपल्याकडे रीतच आहे. तरी विनंती की,

१. फलक त्यांच्या खिडकीहून रुंद व गच्चीहून उंच असावा. दुपारनंतर त्याची सावली वाळूवर पडेल, मुलांची सोय होईल.
२. त्यांच्याकडील बाजू मुले उन्हासाठी नाकावर फासतात त्या रंगीत मलमासारखी भडक गुलाबी रंगवावी.
३. त्यांनी घरावर मजला चढवल्यास फलकही तितकाच चढवावा.

शेजारी नवा वड लावावा व तो जुन्याएवढा होईपर्यंत फलक हलवू नये. आपले माळी म्हणतात, त्याला चाळीस वर्षे लागतील. तोवर मी नसेन. श्री. वॉलिस असतील, त्यांची प्रकृती उत्तम आहे. गुलाबी रंग दरवर्षी नव्याने देण्याची तरतूद मी मृत्युपत्रात केली आहे.

आपली नम्र, परंतु माघार न घेणारी,
ग्लेनिस हार्टिगन
दि. ९ फेब्रुवारी

सोबत: बुंध्यातील भोकांची छायाचित्रे, माझ्या नाकाचे एक, ते शाबूत असतानाचे.