म आला की पदर

झरी,
१८ सप्टेंबर २०२४

ती. कस्तुराआत्यास,
राजेश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा, म्हणून कागद काढला. तुम्ही जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळलात. माझ्या अंगणवाडीची फजिती वाचून आधी हसून घ्या, मग उपाय सांगा.

तक्त्यावर म मगरीचा आहे. इथल्या लेकरांनी मगर कुठं बघितलीय? म्हणून मी डोकं लढवलं आणि घरोघर सांगून आले, की घरातल्या माणसांची नावं घ्या आणि पहिला आवाज ओळखायला लावा. अपेक्षाच्या वाट्याला म आला, कारण तिचे आजोबा माणिकराव. शिकवणार आजी, दगडाबाई. त्यांनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. त्यांनी म चं कार्ड धरलं, बाजेवरच्या म्हाताऱ्याकडं बोट केलं, पदर डोक्यावर ओढला आणि लाजल्या. रोज हाच अभ्यास.

काल आमच्या सुपरवायझर राजनंदिनी मॅडम आल्या. क दाखवला, पोरं क म्हणाली. म दाखवला, तर अपेक्षानं फ्रॉकचा घेर डोक्यावर घेऊन मान खाली घातली. तिचं बघून सगळ्या वर्गानं तेच केलं. ज्यांच्या अंगात शर्ट, त्यांनी शर्ट ओढला. मॅडमनी विचारलं, हा कोणता उपक्रम? मी म्हटलं, कृतीतून शिक्षण. त्यांना इतकं आवडलं, की फोटो काढून नेले.

पण आत्या, मला धास्ती वेगळीच आहे. अपेक्षाचा बाप हरिओम ऊसतोडीला जातो. तो म्हणतो, पोरगी शिकायलीय का न्हाई ते दसऱ्याला मीच बघतो. अक्षरं आली तर माझ्या आईपाशी ठेवतो, नसता टोळीसंगं नेतो, बारक्याला धरायला. तो आधी स्वतःच्या बापाचंच, माणिकरावांचं अक्षर विचारणार. पोरगी एरवी ‘मी, मी’ करत गाव डोक्यावर घेते, पण ते कार्ड पुढं आलं की तोंडाला कुलूप. म्हणते, मोठ्या बायका हे म्हणत नसतात. इतकी चुणचुणीत पोर फडावर पाळणा हलवत बसेल, या विचारानं मला भाकर गोड लागत नाही. हे म्हणतात, नसता उद्योग तूच केलास.

मायेनं चार ओळी लिहा. रागावलात तरी चालेल.

तुमची,
राजेश्री

---

पाथरी,
२४ सप्टेंबर २०२४

चि. राजेश्रीस,
कस्तुराआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले, की घरातून विचारणा झाली, बाई बरी आहे ना. आपल्या भागातल्या बाईला नवऱ्याचं नाव घ्यायचा गृहपाठ देणारी तू पहिलीच. अकलेचे तारे तोडलेस! आणि तुझ्या त्या मॅडमचे फोटो वरपर्यंत गेले, तर पुढच्या वर्षी जिल्हाभर लेकरं पदर घेत बसतील.

दगडाबाईला मात्र हसू नकोस. तू एम. ए. झालीस, तरी तुझ्याही पत्रात ‘हे’ म्हणतात. ओमप्रकाश या नावाला काय सोनं लागलंय?

उपाय सोपा आहे. जी बाई नाव घेत नाही, ती उखाण्यात घेते. नवरात्रात अंगणवाडीतच हळदीकुंकू ठेव आणि लेकरांना पुढं बसव. पहिला उखाणा तू घे, म्हणजे तुझाही गृहपाठ होईल.

घरातून तुला आशीर्वाद सांगितले आहेत. माझा लोभ आहेच, तो मागायची गरज नाही.

तुझी,
कस्तुराआत्या

---

झरी,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. कस्तुराआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हळदीकुंकू झालं. उखाणा म्हटल्यावर दगडाबाई आधी आढेवेढे घ्यायला लागल्या. म्हणे, दात पडले, आता कुठला उखाणा. बायका काही सोडेनात. माणिकराव नातीला न्यायला येऊन दाराबाहेर उभे होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

ज्वारीच्या रानात गोफण फिरती गरागरा,
माणिकरावांचं नाव घेते, पोरी ध्यान दे जरा.

अपेक्षा आजीच्या तोंडाकडं बघतच राहिली. मग कार्ड उचललं आणि ‘म’ म्हणून अशी ओरडली, की बाहेर म्हाताऱ्यानं टोपी काढली, झटकली आणि उलटीच घातली.

दसऱ्याला हरिओमनं परीक्षा घेतली. कार्डावर त्याचा भरवसा नाही, म्हणून खताचं रिकामं पोतं पसरलं. पोरीनं पोत्यावरचे सगळे म शोधून काढले, वर क आणि प पण. पोरगी राहणार, आत्या! हरिओम आता गावभर सांगायलाय, की मीच शिकवलं. सांगू दे बापडा.

माझाही गृहपाठ झाला. घरी मोठ्यानं ‘ओमप्रकाश’ अशी हाक मारली. ते उठून दारात कोण आलंय ते बघून आले.

आता एक सांगते, रागवायचं नाही. मी पहिलीला तुमच्याच वर्गात होते. फळ्यावर त आला, की तुम्ही छडी माझ्या हातात द्यायच्या आणि मला वाचायला लावायच्या. इतकी वर्षं मला वाटलं, मी हुशार होते. त्या दिवशी उखाणे ऐकता ऐकता आठवलं, आमच्या मामांचं, म्हणजे तुमच्या घरधन्याचं, नाव तात्याराव.

माया आटू देऊ नका.

तुमची लाडकी,
राजेश्री

---

पाथरी,
२१ ऑक्टोबर २०२४

चि. राजेश्रीस,
आशीर्वाद.

तुझ्या जिभेला हाड नाही. तुझ्या हातात छडी द्यायलाच नको होती. मी काहीएक कबूल करत नाही. त आला की माझा घसा बसायचा, असं समज.

अपेक्षा राहिली, हे वाचून डोळे भरून आले. टोळी गेल्यावर पोर आईसाठी रडेल. तेव्हा तिला मांडीवर घे, अक्षरं थांबली तरी चालतील.

तुझं पत्र मी ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवत होते. शेवटाशी आले आणि अडले. समोरून विचारणा झाली, पुढं काय लिहिलंय. माझा घसा खरंच बसला होता, पण वाचलं. बिनउखाण्याचं, पुरतं नाव. गुडघ्यामुळं आठ दिवस बाजेवरून न हललेला माणूस उठून जवळ येऊन बसला आणि म्हणाला, तेवढी ओळ परत वाच.

तात्याराव तुला आशीर्वाद सांगतात.

तुझी,
कस्तुराआत्या