तीनशे एकोणीस सांधे आणि एक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, रेडिओच्या कारखान्यातून सोल्डरिंग तपासनीस म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. धाकट्या भाऊजींनी आणून पाहिले, पण ते जमलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात ठिकाणावर असल्याचा पुरावा वरच्या खोलीत, फळीच्या खाली आहे.

१) राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात मुलगा व सून यांना समान हक्काने मिळावे. जिन्याची तिसरी पायरी हलते. मुलगा चार वर्षे "या रविवारी बघतो" म्हणत आहे. पायरीसुद्धा त्यालाच देत आहे.

२) बँकेतील ठेव दोघांना समान. सोन्याच्या दोन बांगड्या सुनेच्या एकटीच्या.

३) माझे सोल्डरिंग आयर्न, पंचवीस वॅट, लाकडी मुठीचे, मी निवृत्त झाले तेव्हा बाकावरच्या बायकांनी दिलेले, हेही सुनेला. मुलाने ते आयुष्यात दोनदा हातात घेतले आणि दोन्ही वेळा चुकीच्या टोकाने धरले. सुनेने मात्र पहिल्या वर्षीच विचारले होते, "आई, हे मला शिकवाल?" तिचा पहिला सांधा मी ओढून उपटून टाकला. ती रुसली नाही, दुसरा केला. तोही मी उपटला. तिसरा उपटेना, तेव्हा मी तिला सून मानले.

कारखान्यातल्या ज्या फोरमनने मला सहा वर्षे हंगामी ठेवले आणि माझ्याकडूनच काम शिकलेल्या तिघांना माझ्या डोळ्यांदेखत कायम केले, त्यांना मी काहीही ठेवत नाही. नजरचुकीने राहिले असे कोणाला वाटू नये, म्हणून नोंद करत आहे.

४) आता वरच्या खोलीतील रेल्वे. बारा फूट लांब, पाच फूट रुंद फळी, त्यावर दोन स्टेशने, एक बोगदा, एक घाट. हे सगळे माझ्या दिवंगत पतींनी उभे केले. ते शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांनी रंगवलेल्या डोंगराकडे पाहून माणसे हटकून हात लावायला जातात. कौतुक करताना मी कधी हात आखडता घेतलेला नाही, आजही घेणार नाही.

पण डोंगर पाहायला गाडी आधी तिथवर पोचावी लागते. सुरुवातीला ती घाटात अडायची, बोगद्यात तर रुसूनच बसायची. भाऊजी अशा छोट्या आगगाड्यांच्या हौशी मंडळाचे अध्यक्ष. त्यांचे म्हणणे, सगळ्या रुळांना मिळून दोन तारा पुरतात, बाकीची वीज जोडपट्ट्यांतून पुढे जाते. मी म्हणाले, जोडपट्टी म्हणजे नुसती घट्ट बसलेली पत्र्याची घडी. आज घट्ट आहे, उद्या सैल. प्रत्येक तुकड्याला त्याच्या हक्काच्या दोन तारा हव्यात, लाल आणि काळी. भाऊजींनी नाक मुरडले. तुकडे एकशे साठ, म्हणजे सांधे तीनशे वीस.

ते मी केले. रुळाची बाहेरची बाजू पॉलिशपेपरने घासायची, कारण आतून चाके जातात. रुळावर आणि तारेच्या टोकावर आधी सोल्डरचा पातळ थर द्यायचा. मग दोन्ही टेकवून आयर्न फक्त दोन सेकंद. तिसऱ्या सेकंदाला खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. सांधा चमकला तर पास. कारखान्यात पास सांध्याशेजारी मी हिरव्या रंगाचा ठिपका द्यायची. इथेही प्रत्येक तार भोकातून फळीखाली जिथे उतरते, तिथे ठिपका दिला. यांनी वरून रंगवलेली खडी पसरली आणि माझा एकेक सांधा दिसेनासा झाला. त्या दिवसापासून गाडी एकदाही अडलेली नाही. हे मी गर्वाने लिहीत आहे आणि तसेच वाचावे.

५) पुढे मंडळाचे प्रदर्शन झाले. एका पाहुण्याने विचारले, वायरिंग कोणी केले? भाऊजी म्हणाले, "वायरिंग काय, झालं घरच्या घरी. वहिनींनी चहाचं मात्र छान बघितलं." सगळे हसले. हे शेजारीच उभे होते, आणि गप्प राहिले.

 दुसऱ्या दिवशी सकाळी हे वर आले आणि म्हणाले, "एक तार मला लावू दे. काय असतं ते मलाही कळू दे." क्षमा मागण्याची त्यांची ही रीत, एवढे मला तेव्हाही कळले. बोगद्याच्या तोंडाशी एक तार बदलायची होती, तिचा जुना ठिपका खरवडून ती जागा त्यांना दिली. त्यांनी बोट भाजून घेतले, चार स्लीपर वितळवले, आणि शेवटी जो सांधा बसला तो चिंचोक्याएवढा, ओबडधोबड, राखी रंगाचा. आमच्या भाषेत ड्राय सोल्डर, आज चालेल, उद्या सुटेल. त्यांनी विचारले, "पास?" मी म्हणाले, "पास."

पण ठिपका दिला नाही. त्यांनी त्या गोळ्यावर एक झुडूप लावले आणि आनंदात बाजारात गेले. ते परत यायच्या आत मी त्याच तुकड्याला, दोन बोटांवर, माझी वेगळी तार जोडली; ती मोजणीतली नव्हती, म्हणून तिलाही ठिपका दिला नाही. गाडी चालत राहिली. ते गेले तोपर्यंत, आणि त्यानंतर आजतागायत. मध्ये तेरा वर्षे गेली.

६) ही रेल्वे भाऊजींना मंडळाच्या सभागृहासाठी हवी आहे. पितळी पाटीही तयार आहे, तिच्यावर त्यांच्या भावाचे एकट्याचे नाव. मी रेल्वे मंडळाला देत आहे, पण तीन अटींवर. पाटीवर आम्हा दोघांची नावे समान अक्षरांत असावीत. एकही तार कापू नये. आणि माझ्या कपाटाचा उभा आरसा फळीखाली जमिनीवर आडवा ठेवावा, म्हणजे डोंगर पाहायला आलेल्यांना खालचे कामही दिसेल. एकही अट मोडल्यास रेल्वे सुनेची. आयर्न तिच्याकडे असेलच.

७) आरशात बोगद्याच्या तोंडाशी दोन तारा बिनठिपक्याच्या दिसल्या असत्या, त्यांची आणि माझी जादा. त्याचा खुलासा लिहायचा म्हणून मागच्या आठवड्यात मी खात्री करायला गेले. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या आहेत, शेजारून वीज यायला वाव नाही. मी माझी जादा तार सोडवली. आता तिथे फक्त त्यांचा सांधा होता. गाडी थांबेल आणि माझे म्हणणे खरे ठरेल, असे समजून मी कळ फिरवली.

गाडी निघून गेली. दिवासुद्धा लुकलुकला नाही. दुसरे इंजिन लावले, तेही गेले. मी तार ओढून पाहिली, जशी सुनेची ओढली होती तशी. ती निघाली नाही. मग मी तिथेच स्टुलावर बसून रडले. इतकी वर्षे मला वाटत होते की मी नवऱ्याशी एकदाच खोटे बोलले, आणि ते त्यांच्यावर उपकार म्हणून. मी खरेच बोलले होते. सांध्यात चूक काढण्यात माझा हात कोणी धरला नाही, आणि आयुष्यात एकदाच चुकले ती घरात.

माझी जादा तार तशीच सुटी लोंबू द्यावी. ती कशाची, असे कोणी विचारल्यास हे कलम वाचून दाखवावे, भाऊजींच्या समोर.

स्थळ : राहते घर, वरची खोली
दिनांक : ९ मार्च, सकाळी अकरा वाजता
(सही) मृत्युपत्र करणारी

मृत्युपत्र करणारीने वरील सही आम्हा दोघांच्या समक्ष केली. त्याआधी ती आमच्या समक्ष फळीखाली आडवी झाली आणि बोगद्याच्या तोंडाशी तीनशे विसावा हिरवा ठिपका दिला. दोन्ही वेळी तिचा हात स्थिर होता.

साक्षीदार पहिली : (सही) शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई, यांनी बॅटरी धरली
साक्षीदार दुसरे : (सही) कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक, यांनी उठायला हात दिला