मसुद्यातलं कलम नऊ

अकोला,
५ फेब्रुवारी २०२५

चि. कुलदीप यास चारूताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. आचलची बारावीची प्रात्यक्षिकं झाली, आता लेखीची तयारी. पुस्तकापेक्षा मोबाइलच जास्त वाचते तुझी भाची.

तुझ्या समितीचा मसुदा पोचला. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांची काळजी कशी घ्यावी, याच्या जुन्या सूचना तुम्ही डॉक्टर मंडळी नव्याने लिहिताय, चांगलंच आहे. मराठी तपासून दे म्हणालास. निवृत्त झाले तरी मास्तरीणच मी, बसले लाल पेन घेऊन. वेदनेवरचा भाग चांगला उतरलाय. दुखणं सहन करायला लावू नका, औषध वेळेवर द्या, हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

पण कलम नऊ? ‘नातेवाइकांची इच्छा असल्यास रुग्णास आजाराचे स्वरूप सांगू नये.’ जुन्यातलं जसंच्या तसं उचललंस! लाज नाही वाटली? आपल्या बाबांना हेच कलम लावलं होतंस ना? "बाबाले काई सांगू नोको ताई, खचून जाईन मानूस," असं फोनवर सांगून तू मोकळा झालास. फाइलवरचं कॅन्सर विभागाचं नाव मी कागद चिकटवून झाकलं. गावाकडून, हिवरखेडहून, भेटायला येईल त्याला अल्सर सांगितला. आईला खांदा देऊन तेराव्यानंतर पेरणीला उभा राहिलेला माणूस, तो म्हणे खचला असता!

तुझ्या लग्नातल्या मानपानावरून वरूडच्या आत्याशी बोलणं तुटलं होतं. बाबा म्हणायचे, "बरा झालो का सोताच जातो पार्बतीकडं. असं बिमार तोंड घेऊन काय जाऊ?" रुसलेल्या बहिणीकडे भावाने साडीचोळी घेऊन धडधाकट जावं, ही त्यांची रीत. म्हणून ते बरं व्हायची वाट बघत बसले. आणि आपण बघू दिली.

आता तुला कधी बोलले नाही ते सांगते. बाबा उपचारांसाठी माझ्याकडे होते, तेव्हा आत्याला कुठून तरी कळलं. एवढ्या वयात ती एकटी एसटीने अकोल्याला आली. ती निघाल्याचा तिच्या घरून फोन आला, तशी मी तिला स्टँडवरच गाठलं. ती रडली असती, बाबांना संशय आला असता. "मले माह्या भावाले पाह्याचं हाय. लांबूनच पाहू दे वं," म्हणत माझा हात धरून उभी होती. मी तिला परतीच्या गाडीत बसवून दिलं.

घरी आले तर बाबांनी विचारलं, "चारू, पार्बतीची काई खबर?"

मी नाही म्हणाले. बारा दिवसांनी ते गेले.

फोनवर हा विषय काढला की तुला पेशंट येतात, म्हणून लिहिते आहे. कलम नऊ मी खोडलंय. त्या जागी लिहिलंय, ‘किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी रुग्णालाच विचारावे.’ हे घेणार नसाल तर मसुद्यावर माझं नाव घालू नकोस. आणि ही शहाणपण शिकवणारी बाई कोण, असं समितीत कुणी विचारलं, तर मी काय केलं ते सगळं सांग. आता लपवू नकोस.

बहिणीला भावाच्या भेटीविना परत पाठवणारी,
तुझी
चारूताई