गोठ्यासाठी दुसरी सही

सगळ्यांच्या आधी माझी जुनी सोबतीण सोनुबाई आली, मागून माझा साईनाथ आणि त्याच्या कंपनीचे दोन परदेशी भागीदार. पाहुण्यांनी गोठ्याला हात जोडले. साईनाथ म्हणाला, "पेन्सिलींची ही कंपनी माझ्या वडलांनी इथं काढली." मी चहा गाळत होते. सोनुबाई कुजबुजली, "गौरे, तवा तू कुठं होतीस गं?"

म्हणून मी, गौराबाई नागू विरले, वय एकोणऐंशी, राहणार पोशीर, तालुका कर्जत, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकाविना हे लिहिते. लिहायला म्हातारपणी शिकलेय, चुका पोटात घ्या. वकील म्हणाले, पेनानंच लिहा. पेन्सिलवालीचं मृत्युपत्र पेनानं! हसूच येतं.

कलम १. राहतं घर साईनाथला. पोटचा आहे.

कलम २. खालापूरच्या कारखान्यात माझं काही नाही. पेन्सिली सतरा देशांत जातात, जाऊ देत. यजमान गेल्यावर साईनाथनं कागद आणला, "आये, मीटरसाठी सही कर." मी सही नुकतीच शिकले होते, आपल्याच पेन्सिलीनं. हौसेनं केली. चार वर्षांनी नात संजनानं वाचलं, "आजी, हे मीटरचं नाय. तू भागीदारी सोडलीस." माझी पहिली सही ती.

कलम ३. गोठा आणि त्याखालची जागा माझ्या नावावर आहे, हे साईनाथला आत्ता कळलं. तिथं कंपनीला म्युझियम करायचंय. याच गोठ्यात लाकडाच्या पट्ट्यांत शिसं ठेवून सरस लावला तो सोनुबाईनं आणि मी. यजमान बाजारात विकायचे. पेन्सिल दगडावर टाकून कानानं पारखायची, ही रीत माझी. टणटण वाजली तर शिसं सलग, बद्द वाजली तर आतून मोडकं. हजारो पारखल्या, पोटचा पोर तेवढा टाकून पाहिला नाही.

गोठा सोनुबाई पदू हिलम हिला. पाटी लावायची तर दोघींच्या नावांची. जिवंत आहे तोवर गोठ्याच्या दुसऱ्या कुठल्या कागदावर मी सही करणार नाही.

कलम ४. सरसाची कढई संजनाला. चष्मा साईनाथला, आईपुढं कागद धरण्याआधी स्वतः वाचावा.

साक्षीदारांनी वाचून दाखवलं. या खेपेला दोनदा ऐकलं, मगच सही केली. काय झोकदार आली!

गौराबाई नागू विरले
साक्षीदार: संतोष मिणमिणे, रुद्र शेळके
पोशीर, सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

साईनाथ आणि पाहुणे म्युझियमच्या कागदावर माझी सही न्यायला गुरुवारी, वीस तारखेला परत येतो म्हणालेत. चहा ठेवीन.