शिकवलेलं हसू

रविवार, संध्याकाळ

आज पडेगावच्या क्लासात पालकांना बोलावलं होतं. बारावीच्या पोरींना नर्सिंगसाठी तयार करतात म्हणे. आमची सविता तिथंच जाते. तयारी कसली, तर हसण्याची! टायवाले सर म्हणाले, "पेशंट काहीही बोलू दे, स्माईल सोडायची नाही. वर 'थँक यू फॉर शेअरिंग' म्हणायचं."

नमुन्याचा पेशंट म्हणून सोबत आलेल्या माझ्या आईलाच खुर्चीत बसवलं. सवितानं बीपीचा पट्टा बांधला. तेवढ्यात आई खरंच म्हणाली, "सवे, डोळ्यापुढं अंधारी यायली गं."

पोरगी हसली. चांगले दात दाखवून. "थँक यू फॉर शेअरिंग."

सरांनी टाळ्या वाजवल्या. मी धावत जाऊन आईला आडवं केलं, तर तो शहाणा मलाच म्हणतो, "काका, सेशन चालूय."

रिक्षात आईनं हळूच विचारलं, "मला हसली का रं ती?" असलं हसू शिकवायलाही मास्तर लागतो?

आत्ता देवापुढं दिवा लावताना पाहिलं, सविता आरशात तेच हसू घोटतेय. ती जन्मल्यापासून देवाकडं तिच्या तोंडावरचं हसूच मागत आलो. आज म्हणालो, एवढं हे हसू काढून घे.