सहा कंपन्यांचा डावा पाय

छावणी, कॅन्सस
गुरुवार, ७ तारीख, जेवणानंतर

ती. बर्लमामांना डॉर्सीचा टोपी काढून नमस्कार. (टोपी कधी काढायची याचाही इथे नियम आहे. छपराखाली काढायची, आभाळाखाली ठेवायची. पत्र मी खोलीत बसून लिहितो आहे, तेव्हा नमस्कार कायदेशीर आहे.)

तुमचा डावा गुडघा कसा आहे? खेचर अजून तुमचं ऐकतं का, की तुम्ही त्याचं? काकवी यंदा कशी उतरली? आईला विचारलं असतं, पण डुकराच्या भानगडीपासून तुमचं तिचं बोलणं बंद आहे, आणि ओढ्याच्या पलीकडून ती तुमच्याबद्दल जे सांगते ते पत्रात लिहिण्यासारखं नसतं. फोन तुम्ही कानाला लावत नाही, म्हणून ही शाई. माझी तब्येत सरकारी आहे, म्हणजे दर सहा महिन्यांनी एक माणूस येऊन ती उत्तम असल्याचं लिहून नेतो. मला विचारत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी पलटणीच्या बँडमध्ये फिडल वाजवायला निघालो, तेव्हा तुम्ही ओसरीवरून मान वर न करता म्हणाला होतात, "जा. गाढवाला गुळाची चव शिकव जा." तुमचं खरं झालं हे कळवायला हे पत्र आहे असं समजा. पण मामा, तेव्हा माझी अवस्था काय होती तेही आठवा. नॅशव्हिलमध्ये दोन वर्षं मी अशा गुत्त्यात वाजवत होतो जिथे सगळ्या खुर्च्यांची तोंडं टीव्हीकडे होती. तिथे भरतीवाला भेटला. म्हणाला, पलटणीला गावाकडची गाणी वाजवणारी माणसं हवीत. कपडे फुकट, जेवण फुकट, दात फुकट. मी गाण्यासाठी हो म्हटलं. आई दातांसाठी हो म्हणाली. (आपल्या घराण्यात चाळिशीनंतर दात कुणी पाहिले आहेत?)

इथे आलो तर साठ माणसांचा बँड, आणि त्यात आम्ही पाच जण. आमचं सरकारी नाव 'ग्रामीण व लोकप्रिय संगीत उपपथक'. एवढं नाव घेईस्तोवर आपल्याकडे एक गाणं वाजवून होतं. बाकीचे पंचावन्न मोठमोठ्या पदव्या घेतलेले. क्लॅरिनेटवाली बाई तर डॉक्टर आहे, पण तिला पडसं झालं तर माझ्याकडेच आल्याचा काढा मागते. आम्ही गाणी म्हणायची ती टोपीची, पण रुंद टोपी घालायला बंदी. धुळीच्या रस्त्याची, पण बूट असे की त्यात तोंड बघून दाढी करावी. गाण्यांची यादी आधी मंजूर करून घ्यावी लागते. दारू असेल तर काट, तुरुंग असेल तर काट, दुसऱ्याची बायको असेल तर काट आणि वर खुलासा मागवणार. आपली पंचेचाळीस गाणी मी दिली होती, दोन परत आली. एक आईवरचं होतं आणि दुसऱ्यात शब्दच नव्हते. शिवाय वाजवताना हसण्याचा लेखी हुकूम आहे. जनरल, कर्नल, त्यांच्या सासवा जेवत असतात आणि आम्ही आईवरचं गाणं हसत हसत म्हणत असतो. आई मरते त्या कडव्यालासुद्धा हसतो, कारण ते कडवं वगळा असं हुकुमात कुठे लिहिलेलं नाही.

बरं, आता मुख्य. आमचे बँडमास्तर लिंडक्विस्ट मिनेसोटाचे. सपाट मुलूख आणि तळी. डोंगर न पाहिलेल्या माणसाला वळण म्हणजे चूक वाटते, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. इथले मोठे जनरल निवृत्त व्हायचे होते, आणि ते निघाले आपल्या पलीकडच्या खोऱ्यातले. चाळीस वर्षांत एकदा फिरकले नाहीत, पण निवृत्त होताना सगळ्यांनाच डोंगर आठवतात. त्यांनी फर्मान काढलं की निरोपाच्या संचलनात आपल्याकडची एक चाल वाजली पाहिजे. लिंडक्विस्टनी मला बोलावलं, मी 'विधवेचं फाटक' वाजवलं. आपलंच, तुम्ही शिकवलेलं, दुसऱ्या अर्ध्यात तो एक ठोका जास्तीचा थांबतो ना, जसंच्या तसं. त्यांनी कागदावर उतरवून घेतलं, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "सार्जंट, इथे एक ठोका जास्त आहे. काढून टाकू."

मी म्हटलं, साहेब, तो जास्तीचा नाही, तो तिथला आहे. पणजोबा युद्धावरून पायी परत आले तेव्हापासून आहे. ते म्हणाले, "पणजोबांबद्दल आदर आहे. पण सैनिकाला पाय दोनच असतात. एक ठोका जास्त झाला की डाव्याचा उजवा होतो." आणि पेन्सिलीने तो ठोका खोडला, मामा, माझ्यादेखत, अर्जातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करावी तसा. मी तीनदा विरोध केला. तिसऱ्यांदा तर साक्षीदारांसमोर केला आणि तुमच्या शिकवणीतले दोन शब्दही वापरले. ते सगळं नोंदवहीत आहे.

आता फिडल घेऊन कवायतीत चालता येत नाही. त्यामुळे संचलन असलं की आम्हा पाच जणांना उरलेली वाद्यं मिळतात. गिटारवाल्याला झांजा, बँजोवाल्याला निशाण, आणि मला मोठा ढोल. मोठा ढोल म्हणजे सोपं काम असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं होतं. पण पलटण चालते ती ढोलावर. ढोलाचा ठोका पडला की डावा पाय. बाकी बँड आगीत पडला तरी चालेल, ढोल तेवढा वाजला पाहिजे. तीन आठवडे तालीम झाली आणि मी ती सरळ केलेली चाल निमूट वाजवली, कारण ढोलाच्या कड्यावर मी कागद चिकटवला होता. कागद बघून वाजवलं की माणूस काहीही वाजवतो. संचलनाच्या दिवशी सकाळी लिंडक्विस्टनी तो कागद पाहिला, म्हणाले, "हे काय, दुकानाच्या दारावरची नोटीस?" आणि स्वतःच्या हाताने फाडून खिशात घातला. इथून पुढचं पाप त्यांचं आहे.

मैदानावर सहा कंपन्या, एकेकीत शंभर जवान. मांडवात जनरलसाहेब, त्यांच्या बाई, आणि बाहेरून आलेले इतके अधिकारी की सलाम करून करून लोकांचे कोपर दुखत होते. चाल सुरू झाली. पहिला अर्धा उत्तम. दुसरा अर्धा आला आणि मामा, माझा हात तिथे थांबला. मी थांबलो नाही, हात थांबला. चोवीस वर्षं तिथे थांबतोय तो हात, त्याला कोण सांगणार? भोंगेवाल्यांनी कागदाकडे पाहिलं, ढोलाकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा कागद सोडून ढोल धरला. पुढच्या तीन कंपन्यांनी ऐकून पाय बदलला. मागच्या तीन कंपन्यांपर्यंत आवाज उशिरा पोचला, त्यांनी अर्धवट बदलला. एक कप्तान स्वतःच्या तलवारीच्या म्यानात पाय अडकून एवढा वाकला की मांडवातल्या बायकांना वाटलं मुजरा करतोय.

एकदाच झालं असतं तर निभावलं असतं. पण चालीच्या आठ फेऱ्या होत्या. दुसऱ्या फेरीत पुन्हा तो ठोका, म्हणजे उजव्याचा परत डावा. आता ज्यांनी शहाणपणाने पाय बदलला होता ते चुकले, आणि जे गाढवासारखे तसेच चालत राहिले होते ते आपोआप बरोबर आले. (पलटणीत बढती कशी मिळते ते मला त्या दिवशी कळलं.) पुढे काठी घेऊन चालणाऱ्या लिंडक्विस्टना मागे वळायला नियमाने बंदी, पण त्यांची मान फेरीगणिक लाल होत गेलेली मला दिसत होती. पाचव्या फेरीला सहाशे माणसं अशी उड्या मारत होती की बाहेरच्या पाहुण्यांना तो आपल्या डोंगरातला नाच वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवी फेरी संपली तेव्हा सगळे पुन्हा डाव्या पायावर होते. सम संख्येचा हा मोठेपणा. जनरलसाहेब मांडवातून उतरले. जाताना एवढंच विचारलं, "ढोलावर कोण होतं?"

तेवढ्यावर चौकशी बसली आहे. मंगळवार, १९ तारीख, सकाळी दहा वाजता, तीन अधिकारी. आरोप असा की मी हे मुद्दाम केलं. पुरावा काय, तर मी आधी तीनदा विरोध केला होता. म्हणजे गप्प बसलो असतो तर ती चूक ठरली असती, बोललो म्हणून गुन्हा! मुद्दाम केलं असं ठरलं तर बँडमधून नाव कमी, आणि उरलेली दोन वर्षं कोठारात तंबू मोजायचे. मोजू की! मी काय रडतोय? तंबूंना पाय नसतात आणि ते खोडरबर घेऊन मागे लागत नाहीत. या सपाट डोक्यांच्या लोकांत राहण्यापेक्षा तंबू शतपटीने बरे. तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही, विषय संपला.

खेचराला थोपटणे. ओढ्यापलीकडे काही निरोप देत नाही, तुम्ही पोचवणार नाही.

तुमचा भाचा,
डॉर्सी एस्टेप
(मंगळवार १९ पर्यंत सार्जंट)

ता. क. एक सहज आठवलं. पत्र त्यासाठी लिहिलं असं कृपा करून समजू नका. तुम्ही एका कागदावर चार ओळी लिहून पाठवाल का, की 'विधवेचं फाटक' पणजोबांपासून तसंच वाजतं, तो ठोका चालीतलाच आहे, आणि डॉर्सीला दुसरं वाजवताच येत नाही? शेवटचं वाक्य तुम्ही नेहमी म्हणता तेव्हा लिहायला जड जाऊ नये. खाली सही आणि चर्चच्या फादरांची साक्ष असली तर उत्तम.

ता. क. २. शनिवार. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आईचा फोन. तिला सगळं सांगितलं, पणजोबांचं, ठोक्याचं. ती इतकी हसली की मला वाटलं ठसका लागला. म्हणाली, "कसला पणजोबा न् कसला ठोका! आमचा आजा चाकासारखं सरळ वाजवायचा. बर्ल्याच्या तोंडात सदा तंबाखूचा तोबरा. तिथं आलं की पिंक टाकायला थांबायचा मेला! तुम्ही पोरांनी पिंकेसकट चाल उचललीत."

मामा, हे खरं आहे का? मी साक्षीदारांसमोर भांडलो, एका पदवीधर माणसाला बहिरा म्हटलं, सहाशे माणसांना उड्या मारायला लावल्या, आणि हे सगळं तुमच्या पिंकेसाठी? खरं असेल तर लिंडक्विस्ट बरोबर होते. त्यांनी खोडला तो ठोका नव्हताच. हे वाक्य लिहिताना माझं पेन दोनदा अडलं. ते चार ओळींचं राहू द्या. फादरांना खोट्यात ओढू नका.

ता. क. ३. रविवार. आता खरं लिहितो, कारण यापुढे पाकिटात कागद मावणार नाही. मला तंबू मोजायचे नाहीत. वर जे तोऱ्यात लिहिलं ते सगळं खोडून वाचा. मला इथेच राहायचं आहे, या सपाट डोक्यांच्या लोकांत, त्या हसण्याच्या हुकुमासकट. काल संध्याकाळी लिंडक्विस्ट माझ्या खोलीवर आले. हातात त्यांच्या वडिलांची फिडल. मला वाटलं समज द्यायला आले. खाटेवर बसले आणि म्हणाले, "तो ठोका शिकव." दीड तास झटले. आकडे मोजून थांबायचे आणि दर वेळी चुकायचे. मग दमले, मोजायचं सोडलं आणि थांबले, बरोबर तिथेच. पुढची ओळ आली, त्यांनी चाल शेवटपर्यंत नेली आणि पुन्हा पहिल्यापासून धरली. नॅशव्हिलमध्ये दोन वर्षांत ती चाल कुणी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. मी त्यांना पिंकेचं सांगितलं, लपवलं नाही. ते फिडल पेटीत ठेवत म्हणाले, "मामांनी तंबाखू सोडली की नाही अजून?"

तुम्ही दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दरडावल्यावर सोडलीत हे मला ठाऊक होतं. मी लगेच आईला फोन लावला. विचारलं, "आता मामा ते वाजवतात तेव्हा तिथे थांबतात का?" आधी भांडं आपटल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "थांबतो." मी म्हटलं, तुला काय ठाऊक, तुमचं तर बोलणं बंद. तर माझ्यावरच खेकसली, "खिडकी उघडी असते माझी! रोज संध्याकाळी वाजवतो, कान बंद करू काय?"

तेव्हा मामा, कागद नको, सही नको. १९ तारखेला इथे दहा वाजता तुमच्याकडे अकरा असतील. फिडल घेऊन ओसरीवर बसा आणि 'विधवेचं फाटक' वाजवा, जरा मोठ्याने, ओढ्यापलीकडे जाईल असं. आई खिडकीत फोन धरून उभी राहील. तिच्याकडे बघू नका, ती तुमच्याकडे बघणार नाही. इकडे तीन अधिकारी आणि लिंडक्विस्ट ऐकत असतील. माझ्यासाठी म्हणून काही करू नका. तुम्हाला तिथे थांबावंसं वाटलं तर थांबा, नाही वाटलं तर सरळ पुढे जा. मी तंबू मोजीन.